कुद्रेमुख: शिखर आणि सिंहपुच्छ माकड एकाच दिवसात साधेल का?

खानापूरवासी: दिवाळीनंतर आम्ही चौघे कर्नाटकातील कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानात जाणार आहोत. खानापूरजवळच्या भीमगडच्या रानात फिरण्याची सवय आहे. मात्र सोबतच्या साठीतल्या काकांना चढापेक्षा सिंहपुच्छ माकड पाहण्याची ओढ अधिक आहे, कारण आपल्याकडच्या जंगलात ते आढळत नाही. दोन्ही गोष्टी एका दिवसात बसतील का?

टिळकवाडीकर: बसणार नाहीत. पायथ्याच्या मुळ्ळोडी गावाहून शिखरापर्यंत जाऊन-येऊन सुमारे 20 किलोमीटरची चाल आहे, आणि वर मुक्कामास परवानगी नसल्याने उजेडातच उतरावे लागते. त्यामुळे थांबून प्राणी न्याहाळण्यास सवड उरत नाही. शिवाय ही वाट बरीचशी उघड्या गवताळ सोंडांवरून जाते, तर हे माकड सदाहरित झाडांच्या शेंड्यांवर राहते आणि जमिनीवर फारसे उतरत नाही. गवताळ उतारांमधल्या घळींत शोला जंगलाचे (उंचावरच्या खुज्या सदाहरित झाडीचे) पट्टे आहेत. त्यांच्या कडेला सकाळी गवा किंवा सांबर दिसू शकते, पण त्याची खात्री कोणी देऊ नये. काकांसाठी दुसरा दिवस राखावा आणि त्यांनी कारकळकडे उतरणाऱ्या रस्त्यालगतची झाडी सकाळी पाहावी. वाहन कोठे थांबवता येते ते तपासणी नाक्यावर विचारावे, आणि माकडांना काहीही खाऊ घालू नये. खाण्याच्या आशेने ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात.

शहापूरचा वाटसरू: वरील मताशी मी सहमत आहे. वनखात्याचा परवाना आधीच ऑनलाइन काढावा, कारण रोजच्या गिर्यारोहकांची संख्या मर्यादित असते. मुक्काम कळस गावाजवळ करावा (हे कळस चिक्कमगळूरचे, आपल्या कणकुंबीचा कळसा नाला नव्हे, नकाशावर शोधताना माझा स्वतःचा घोळ झाला होता). पाऊस लांबला तर दिवाळीनंतरही जळवा असतात, म्हणून लांब मोजे आणि मीठ सोबत असू द्यावे.

खानापूरवासी: आभारी आहे. तेथील लोहखनिजाची खाण अजून चालू आहे का? काकांना धुळीचा त्रास होतो.

टिळकवाडीकर: नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 2005 च्या अखेरीस ती बंद झाली. खाणीची जुनी वसाहत बहुतांशी ओस पडली आहे, त्यामुळे जेवणाची सोय तेथे होईल असे गृहीत न धरता कळसहूनच शिदोरी बांधून घ्यावी.