मदत हवी आहे: भट्टीजवळच्या पीव्हीसी स्लीव्हसाठी डीआयडीपी की टीओटीएम?

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं युनिट आहे. वायरींवर चढवायच्या पीव्हीसी स्लीव्ह काढतो. पीव्हीसी मऊ ठेवायला त्यात तेलासारखं प्लास्टिसायझर घालतात; आजवर आमचं त्यातल्या डीओपीवर भागलं. डीआयडीपी आणि टीओटीएम हीही प्लास्टिसायझरच. आता एका फाउंड्रीला भट्टीलगतच्या पॅनेलसाठी माल हवाय आणि तिथे आमची स्लीव्ह टिकत नाही. उन्हाळ्यात बसवलेली दिवाळीपर्यंत कडक होते, वाकवली की तडकते. पॅनेलच्या झाकणाला आतून बोट लावलं तर चिकट तेलकट थर लागतो. म्हणजे डीओपी उडतंय, हे उघड आहे.

रेणुभार डीओपीचा 390च्या आसपास, डीआयडीपीचा 447, टीओटीएमचा 547. रेणू जितका जड तितका तो कमी उडतो, म्हणूनच 105 अंशांच्या वायरींच्या इन्सुलेशनला टीओटीएम घालतात. पण तेवढाच मऊपणा यायला ते डीओपीपेक्षा जास्त लागतं, रेझिनमध्ये (पीव्हीसीच्या पावडरीत) मुरायला उष्णताही जास्त हवी, आणि भाव तर विचारूच नका.

माझ्या मते 90 अंशांच्या आत डीआयडीपीने काम व्हावं. पण भट्टीचं दार उघडलं की झळ किती येते ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं, तेव्हा चुकून चालणार नाही.

दोन्ही मिसळून कुणी वापरलंय का? के-67 रेझिनला मिक्सर किती तापवता? उष्णतेने माल खराब होऊ नये म्हणून अँटिऑक्सिडंट कोणतं घालता? आणि निपाणी, कोल्हापूर भागात टीओटीएम पूर्ण बॅरल न घेता कॅनमध्ये कोण देतं? ऑर्डर मोठी आहे, जाणकारांनी कृपया सांगावं.