न्यूट्रिनोंचे आंदोलन, दोलन की रूपांतर?

एका विज्ञानलेखाचे भाषांतर तपासते आहे. त्यात 'वातावरणीय न्यूट्रिनोंचे आंदोलन' असे आले आहे आणि वाचताना डोळ्यांपुढे मोर्चाच येतो. न्यूट्रिनो म्हणजे अतिशय हलके, विद्युतभार नसलेले कण; त्यांच्या प्रकारांपैकी म्यूऑन न्यूट्रिनोचा टाऊ न्यूट्रिनो होतो, तर सरळ 'रूपांतर' लिहावे का?

उत्तर : 'आंदोलन' चूक नाही. मूळ अर्थ झोका, हेलकावा असाच आहे. दरबारीचा गांधार आजही आंदोलित म्हणतात. पण एरवी हा शब्द चळवळीने पुरता व्यापला आहे, म्हणून 'दोलन' बरे.

'रूपांतर' मात्र नको. सुरवंटाचे फुलपाखरू झाले की ते परत सुरवंट होत नाही. न्यूट्रिनो पुन्हा पहिल्या प्रकारात येतो, आणि ते मोजून दाखवलेले आहे. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, हवेवर आदळून जन्मलेले न्यूट्रिनो वरून आले तर जेमतेम १५ किलोमीटर चालून येतात, पायाखालून आले तर पृथ्वी ओलांडून सुमारे १३,००० किलोमीटर. जपानमध्ये कामिओकाच्या डोंगराखाली, हजार मीटर खोल, सुपर-कामिओकांडे या न्यूट्रिनो टिपणाऱ्या प्रयोगाची ५०,००० टन पाण्याची टाकी आहे. खालून येणारे म्यूऑन न्यूट्रिनो अपेक्षेच्या निम्म्याच्या आसपास भरतात, हे तिथल्या गटाने १९९८ मध्ये जाहीर केले. तेवढ्यावरून 'रूपांतर' किंवा 'क्षय' (कण मोडून जाणे) म्हणणाऱ्याला पूर्ण खोडता आले नसते. २००४ मध्ये त्यांनी अंतराला ऊर्जेने भागून, त्यानुसार अपेक्षेच्या किती म्यूऑन न्यूट्रिनो सापडतात याचा आलेख मांडला. त्यात एक खळगा दिसला आणि खळग्यापुढे आलेख पुन्हा वर चढला. हरवलेले परतत होते! एकतर्फी बदलात असा चढ येत नाही. माझ्या मते 'दोलन' शब्दाचा निकाल त्या खळग्याने लावला.

प्रश्न : पण मग झुलते काय? कण मागेपुढे होतो असे वाचकाला वाटेल.

उत्तर : ही शंका रास्त आहे. कण आपला सरळच जातो. झुलते ती तो अमुक प्रकारचा म्हणून सापडण्याची शक्यता. प्रत्येक प्रकार म्हणजे तीन वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अवस्थांचे मिश्रण. त्यांच्या लहरी प्रवासात एकमेकींच्या मागेपुढे पडतात. जवळपास एका सुरात लावलेल्या दोन तारा एकदम छेडल्या की आवाज भरतो, ओसरतो, पुन्हा भरतो, तसेच हे. म्हणून पहिल्या उल्लेखात 'न्यूट्रिनो-प्रकारांचे दोलन' लिहा, पुढे नुसते 'दोलन' चालेल. आणि 'वातावरणीय'ऐवजी एकदा तरी 'वातावरणात जन्मलेले' म्हणा. ते तिथे राहत नाहीत, तिथून निघतात.