आरव्ही-७, आयओ-३६०: आयडलला मिसिंग, वर गेलं की एकदम स्मूथ

रिव्हेटवाला (डॅलस)

नमस्कार मंडळी. गॅरेजमध्ये किटवरून बांधलेलं आरव्ही-७ विमान आहे, इंजिन लायकॉमिंग आयओ-३६०-एम१बी, ६२ तास झालेत. सर्व्हो (इंजेक्शनला पेट्रोल मोजून देणारं यंत्र) आरएसए-५, दोन्ही मॅग्नेटो (ठिणगी देणारे) स्लिक, पंखा (प्रोपेलर) कॉन्स्टंट स्पीड. आयडलला, म्हणजे थ्रॉटल पूर्ण मागे असताना ७०० आरपीएमला, इंजिन मिसिंग करतं (मधूनच ठोके चुकतं), पॅनेल थरथरतं. १२०० च्या वर सगळं गायब. थंड इंजिनला होतंच, गरम झाल्यावर आणखी वाढतं.

आकडे असे: फ्युएल प्रेशर २४ पीएसआय. मॅग चेकला (एकेका मॅग्नेटोवर चालवून बघताना) डावा ७० नि उजवा ८० आरपीएम पडतो, दोन्हीवर इंजिन स्मूथ. आयडलला मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा) दांडा हळूहळू मागे ओढला की बंद पडण्याआधी ९० आरपीएम चढतात. ३ नंबरच्या सिलिंडरचा ईजीटी (एक्झॉस्टचं तापमान) आयडलला बाकीच्यांपेक्षा १४० अंश फॅरनहाइट जास्त, फुल थ्रॉटलला मात्र चौघे जवळपास सारखे. लीन (पेट्रोल कमी) असेल असं समजून स्टारव्हील, म्हणजे सर्व्होवरचं आयडल मिक्श्चरचं चाक, रिचकडे (पेट्रोल जास्त) फिरवलं. थोडा फरक पडला, पण आता खालचे स्पार्क प्लग काळे होतायत. इंधन कायम १००एलएल (विमानाचं निळं पेट्रोल). नॉझल काढून साफ करू, की सर्व्हो ओव्हरहॉलला पाठवू?

पाना_१६

सर्व्होला हात लावू नका. तुमच्या आकड्यांतच निम्मं उत्तर आहे.

मिक्श्चर ओढल्यावर २५ ते ५० आरपीएम चढले तर आयडल मिक्श्चर बरोबर. त्याहून जास्त चढले तर रिच, काहीच न चढता थेट पडले तर लीन. तुमचे ९० म्हणजे तीन सिलिंडर चांगलेच रिच आहेत आणि ३ नंबर एकटा लीन. स्टारव्हील चौघांना एकत्रच रिच-लीन करतं, त्यामुळे तीन जण पेट्रोलात बुडाले तरी चौथा उपाशीच. प्लग काळे झाले ते त्यामुळे.

आता ३ नंबरच लीन का? फुल थ्रॉटलला ठीक आणि आयडलला लीन म्हटलं की पहिला संशय इंडक्शनच्या (हवा आत नेणाऱ्या पाइपांच्या) गळतीवर. आयडलला मॅनिफोल्ड प्रेशर (त्या पाइपांतला हवेचा दाब) पाऱ्याचे १० ते १२ इंच, बाहेर २९ च्या आसपास. एवढ्या फरकाला केसाएवढ्या फटीतूनही बरीच हवा आत खेचली जाते. फुल थ्रॉटलला फरक जेमतेम इंचभर उरतो, तेव्हा तीच फट जाणवतही नाही. शिवाय आयडलला आरएसए सर्व्हो हवा मोजून पेट्रोल देत नाही. हवा इतकी कमी असते की डायफ्रॅमला ताकदच मिळत नाही. पेट्रोल ठरतं ते थ्रॉटलला जोडलेल्या आयडल व्हॉल्व्हवर, आणि चोरून आलेल्या हवेचा त्याला पत्ताच नसतो.

तपासायच्या जागा तीन: सिलिंडरकडच्या फ्लँजचं गॅस्केट, इनटेक पाइप संपला (इंजिनखालचं तेलाचं पात्र, त्यातूनच हवा चौघांकडे वाटली जाते) जिथे मिळतो तिथला रबरी होज नि त्याचे क्लॅम्प, आणि हेडच्या पोर्टवरचं फिटिंग किंवा बूच. मॅनिफोल्ड प्रेशरची नळी बऱ्याच आरव्हींत एखाद्या हेडवरूनच घेतलेली असते. तुमची ३ वरून असेल तर आधी तेच फिटिंग बघा. संपच्या तळाशी स्निफल व्हॉल्व्ह (साचलेलं पेट्रोल बाहेर सोडणारा) असतो, तो उघडा अडकला तरी आयडल लीन होतं, पण मग चारही सिलिंडर लीन दिसले असते.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. कार्ब्युरेटरच्या इंजिनात होज गळला तर तिथे १००एलएलचा निळा डाग पडतो. इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट हेडमध्ये पडतं, त्यामुळे निळा डाग दिसलाच तर फ्लँजपाशी दिसेल. संपकडच्या होजमधून फक्त हवा जाते, तिथे डाग पडणारच नाही. स्वच्छ दिसतोय म्हणून तो होज सोडून देऊ नका.

चाचणी सोपी आहे. मॅग बंद, मिक्श्चर कट-ऑफला, थ्रॉटल उघडा. शॉप व्हॅकची नळी फुंकणाऱ्या बाजूला लावा आणि सर्व्होच्या तोंडाशी फडक्याने सैलसर धरा, थोडी हवा बाजूने सुटू द्या. मग प्रत्येक जोडावर भांड्यांच्या साबणाचं पाणी फवारा. कॉम्प्रेसरची हवा अजिबात नको, सर्व्होचा डायफ्रॅम फाटेल. आणि चालू इंजिनवर कार्ब क्लीनर मारून गळती शोधायची पद्धत सांगणारे भेटतील. फिरत्या पंख्यामागे नि तापलेल्या एक्झॉस्टजवळ ते करू नये.

चार_बरण्या

पाना_१६ यांच्याशी सहमत, पण गळती सापडली नाही तर फ्लो डिव्हायडरकडे (पेट्रोल चार नळ्यांत वाटणारा, यालाच स्पायडर म्हणतात) वळा, कारण लक्षण तंतोतंत हेच दिसतं. आयडलला पेट्रोलचा दाब इतका कमी असतो की चार वाटे नॉझल करत नाहीत, वरचा स्पायडर करतो. त्यात कचऱ्याचा एक कण अडकला की एक सिलिंडर फक्त आयडललाच लीन. नॉझल चोंदलं असतं तर फुल थ्रॉटलला ३ नंबर जास्त वेगळा दिसला असता. तुमचा तसा दिसत नाही, म्हणून नॉझल यादीत खाली.

तपासायला चारही नॉझल लाइनसकट काढून सारख्या आकाराच्या चार काचेच्या बरण्यांत सोडा, बरण्या धातूच्या ट्रेमध्ये ठेवा. प्लास्टिकचे डबे नकोत, स्टॅटिकची ठिणगी पडते. विमान ग्राउंड केलेलं, मॅग बंद, हँगरच्या बाहेर, एक माणूस फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभा. मिक्श्चर रिच, थ्रॉटल आयडलला, बूस्ट पंप (विजेचा इंधनपंप) चालू. बरण्या निम्म्या भरेपर्यंत थांबा, घाई केली तर फरक दिसत नाही. ३ ची बरणी मागे पडली तर तिचं नॉझल २ च्या लाइनवर लावून पुन्हा भरा. कमतरता नॉझलबरोबर गेली तर नॉझल खराब, ३ च्याच लाइनवर राहिली तर लाइन किंवा स्पायडर.

नॉझल साफ करायचं तर ॲसिटोनमध्ये भिजवा नि हवा मारा, तार घालू नका. दोन भागांच्या नॉझलच्या जोड्या एकमेकांत मिसळू नका. परत बसवताना ६० इंच-पाउंडांच्या वर जाऊ नका.

गरम_काउल

गरम झाल्यावर जे वाढतं ते वेगळं प्रकरण असू शकतं. गळती थंडगरम दोन्हीत असते. पण उन्हात टॅक्सी करताना स्पायडर आणि त्याच्या बारीक लाइन सिलिंडरांच्या वर तापत बसतात, आणि आयडलला ताशी दोनेक गॅलन पेट्रोल त्यांतून जेमतेम सरकतं. तिथे वाफ धरते नि इंजिन झटके खातं. बूस्ट पंप लावून फारसा उपयोग नाही, वाफ सर्व्होच्या पुढे असते. १००० ते १२०० वर टॅक्सी करा, थांबताना नाक वाऱ्याकडे ठेवा. मोगॅस (गाडीचं पेट्रोल) घातलं तर हे आणखी वाढेल. म्हणून मिक्श्चरचं सेटिंग इंजिन चालण्याच्या तापमानाला आल्यावर पण काउल (इंजिनवरचं झाकण) भट्टी व्हायच्या आत करा, नाहीतर वाफेच्या नादाने चुकीचं सेट होईल.

रिव्हेटवाला (डॅलस)

सापडलं! फ्लँज कोरडा, मॅनिफोल्डचं फिटिंग घट्ट. ३ नंबरच्या संपकडच्या होजखाली, क्लॅम्पच्या कडेने, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. ही बाजू आरशाशिवाय दिसतच नाही. होज सोडला तर पाइप तिरका बसलेला, खालच्या बाजूने होजमध्ये जेमतेम पाव इंच गेलेला. निळा डाग कुठेच नव्हता. नवा होज नि दोन नवे क्लॅम्प लावून पाइप सरळ बसवला. आता ३ चा ईजीटी बाकीच्यांच्या ३० अंशांत आहे. पण आयडल ६०० वर उतरलं आणि मिक्श्चर ओढल्यावर अजून ८० चढतात.

पाना_१६

उतरणारच, इतके दिवस फुकटची हवा मिळत होती. आधी थ्रॉटल स्टॉपच्या स्क्रूने ७०० करा, मग स्टारव्हील लीनकडे घ्या. स्टारव्हीलचा दांडा आखूड झाला की लीन, लांबला की रिच. एकाला हात लावला की दुसरं हलतं, तेव्हा दोन्ही आलटून पालटून. प्रत्येक मापाआधी १८०० ला पंधरा सेकंद चालवून प्लग मोकळे करा, नाहीतर मागच्या सेटिंगची काजळी आकडा बिघडवते. ३०-४० आरपीएम चढतील तिथे थांबा.

खालचे प्लग काढून साफ करा, गॅप ०.०१६ ते ०.०२१ इंच. रेझिस्टन्सही मोजा, ५००० ओहमच्या वर असेल तो प्लग बदला. मग धावपट्टीवर बिनइंजिन उतरता येईल एवढ्या उंचीवर थ्रॉटल पूर्ण बंद करून बघा, इंजिन बंद पडता कामा नये. क्लॅम्प दहा तासांनी पुन्हा आवळा, नवं रबर बसतं. बाकीचे तीन पाइपही आरसा घेऊन बघा, कारण चौघे एकाच दिवशी बसवलेले असतील.