नोकरी की स्वतःचा व्यवसाय: विद्यार्थिदशेत तुम्ही निर्णय कसा घेतलात?

माझी मुलगी अन्नतंत्रज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला असून, कॅम्पस मुलाखतींना न बसता स्वतःचा व्यवसाय करायचा, असे तिने मनाशी पक्के केले आहे. आमच्या घरात दोन पिढ्या नोकरीच्या. त्यामुळे तिला नेमके काय विचारावे हेच आम्हाला उमगत नाही. ज्यांनी या वयात हा निर्णय घेतला, किंवा घेता घेता पाऊल मागे घेतले, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कोल्हापूरहून

यंत्र अभियांत्रिकीची पदवी हाती पडताच मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात एक जुने लेथ मशीन बसवून जॉबवर्क, म्हणजे इतर कारखान्यांची कामे मजुरीवर करून देणे, सुरू केले. कामाची ददात कधीच पडली नाही. हाल झाले ते वसुलीपायी. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे चार महिन्यांची बिले अडकली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते केले पाहिजेत, असे २००६ चा कायदा सांगतो, आणि उशिराबद्दल व्याजही मागता येते. पण गिऱ्हाईक तेवढे एकच असताना तक्रार करण्याची माझी छाती झाली नाही. दर सोमवारी पर्चेस खात्याबाहेरच्या बाकावर डायरी मांडीवर घेऊन मी बसत असे आणि शनिवारी कामगारांच्या पगारासाठी वडिलांकडून हातउसने घेत असे. ती डायरी अजून माझ्याजवळ आहे. तिच्यात एकाच बिलापुढे अकरा तारखा आहेत. पुढे आणखी तीन गिऱ्हाइके जोडली, तेव्हा कुठे गाळा तगला. म्हणून मुलीला तिची कल्पना विचारण्याआधी, स्वतःच्या हक्काचे पैसे मागताना तिची जीभ अडखळते का, ते विचारा.

ठाण्याहून

माझ्यावर शैक्षणिक कर्ज होते आणि घरात मिळवते दुसरे कोणी नव्हते, म्हणून मी नोकरी धरली. त्याची खंत मला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करसुद्धा मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते आणि बेळगावच्या सायकलच्या दुकानापासून १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहीपर्यंत वीसहून अधिक वर्षे गेली. बाविसाव्या वर्षी ‘आता नाही’ म्हणणे म्हणजे ‘कधीच नाही’ असे होत नाही, हे मुलीला अवश्य सांगा.

नाशिकहून

महाविद्यालयात असताना मी आणि माझ्या मैत्रिणीने दिवाळीत नाचणीचे लाडू विकले. अन्नसुरक्षेची प्राथमिक नोंदणी तेव्हा वर्षाला शंभर रुपयांत होत असल्याने कागदपत्रांत काहीच अडले नाही. डबा १२० रुपयांना, साहित्य ७८ रुपयांचे. म्हणजे डब्यामागे ४२ रुपये सुटतात, असे आम्ही धरून चाललो होतो. दिवाळीनंतर मैत्रिणीच्या वडिलांनी वही पाहिली आणि एवढेच विचारले, “यात आईची मजुरी कुठे आहे?” आई आणि आम्ही दोघी मिळून एका डब्यामागे पाऊण तास राबत होतो. तासाला ६० रुपये धरले, तर ४५ रुपये मजुरीच होत होती, म्हणजे प्रत्येक डबा आम्ही तीन रुपये तोट्यात विकला होता. पुढच्या वर्षी भाव १७० रुपये केला. निम्मी गिऱ्हाइके गेली, उरलेल्यांनी मात्र संक्रांतीलाही मागणी नोंदवली, आणि आज आमचा व्यवसाय त्यांच्यावरच उभा आहे. मुलाखतींच्या आधी एखादी दिवाळी मिळत असेल, तर ती मुलीला द्या. आमची ती वही मी जपून ठेवली आहे. तिला उपयोग होणार असेल तर पानांची छायाचित्रे आनंदाने पाठवीन.