बातमीदार बाई पीआर एजन्सीत कंटेंट हेड: अभिनंदन करायचं की नाही?

पर्वरीकर
आमची एक जुनी सहकारी पणजीतल्या मराठी दैनिकात सोळा वर्षं काढून एक तारखेपासून एका पीआर एजन्सीत, म्हणजे कंपन्यांची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या संस्थेत, कंटेंट हेड म्हणून रुजू झाली. ग्रुपवर अभिनंदन टाकलं, तर खाली दोघांनी लिहिलं, 'गेली बिचारी पलीकडे'. अरे, नोकरी बदललीय तिने, मयत नाही झाली!

माझ्या मते उत्तम झालं. पेपरच्या डेस्कवर संध्याकाळी अशा एजन्स्यांकडून येणारी मराठी पत्रकं ज्याने निस्तरलीत त्यालाच कळेल. मूळ इंग्रजी मजकूर मशीनमधून काढलेला. म्हापशाचं 'मापुसा', मडगावचं 'मार्गाओ', फोंड्याचं 'पोंडा'. चार परिच्छेद अध्यक्षांचं मनोगत, आणि कार्यक्रम कुठे, किती वाजता, ते शोधायचं तर दुर्बीण लावा. ही बाई निदान पहिल्या ओळीत बातमी लिहील.

डिचोलीचा
अभिनंदन पगाराचं करा, बाकी कशाचं नको. एजन्सीने तिचं मराठी घेतलेलं नाही, तिच्या फोनमधली नावं घेतलीत. उद्या कुणा बिल्डरच्या डोंगरकापणीची बातमी लागणार असली की आदल्या रात्री तिचा फोन येईल, 'जरा आमचीही बाजू घे रे'. आणि डेस्कवर बसलेला पोरगा तिनेच शिकवलेला. तो काय बोलणार?

पर्वरीकर
दुसरी बाजू घेणं हा बातमीचा नियमच आहे की.

डिचोलीचा
बाजू घेणं वेगळं आणि बातमी आतल्या पानावर ढकलणं वेगळं. ते कसं ढकलायचं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

खाणपट्टा
गोव्यात तरी पत्रकारितेचं सोवळं कुणी मिरवू नये. 'गोमन्तक' १९६२ मध्ये चौगुल्यांनी काढला. 'नवहिंद टाइम्स' १९६३ चा, 'नवप्रभा' १९७० ची, दोन्ही धेंपोंची. ही दोन्ही घराणी खनिजाच्या धंद्यातली. आमच्या शेतात लाल गाळ यायचा तेव्हा आम्ही कुणाचा पेपर वाचत होतो? मालकाच्या पगारावर बातमीदारी चालते आणि क्लायंटच्या पगारावर पत्रक लिहिलं की बाटली, हे मला झेपत नाही.

डिचोलीचा
मुद्दा बिनतोड वाटतो, पण एक सांगतो. मालक कोण हे गावाला माहीत होतं. चहाच्या दुकानात पेपर उघडणारा माणूस ते धरूनच वाचायचा. एजन्सीचं पत्रक छापून येतं तेव्हा वर काय असतं? 'पणजी, प्रतिनिधी'. कुणाचा प्रतिनिधी? तिचा मजकूर जितका चांगला, तितकं ते ओळखणं कठीण. तुमचा 'मापुसा' निदान आतला माल कुठला ते सांगत होता.

माजी उपसंपादक
पगाराची थट्टा करणाऱ्यांसाठी. पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. मी तेव्हा एका दैनिकात कंत्राटावर होतो. पेढे कायमवाल्यांनी वाटले, तेही दबकत. मुलीची फी आणि घराचा हप्ता निष्ठेवर भरता येत नाही. मी पीआरमध्ये गेलो नाही, कारण मला कुणी बोलावलं नाही. एवढंच.

पर्वरीकर
आणि हा पीआरचा धंदाच मुळात पत्रकाराने उभा केला. आयव्ही ली न्यूयॉर्कच्या दैनिकांत बातमीदार होता. १९०६ मध्ये पेनसिल्वेनिया रेलरोडचा अपघात झाला, तेव्हा त्याने कंपनीला लपवाछपवी करू दिली नाही. उलट बातमीदारांना जागेवर नेलं, माहितीचं पत्रक दिलं. त्याच वर्षी खरी माहिती देण्याची जाहीर हमीही लिहून दिली.

खाणपट्टा
मी तुमच्या बाजूचा, पण गोष्ट अर्ध्यावर सोडू नका. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या लडलोच्या कोळसा खाण कामगारांच्या संपात बायकामुलं मेली, आणि हाच ली खाण कंपनीच्या मालकासाठी, रॉकफेलरसाठी, पत्रकं काढत होता. त्यातली काही माहिती चक्क खोटी निघाली. हमी त्याचीच होती, आकडे कंपनीने दिलेले. तेव्हा पद, पगार नंतर विचारा. क्लायंटने दिलेला आकडा तपासायची आणि पटला नाही तर पत्रक अडवायची मुभा तिने लेखी घेतलीय का?

पर्वरीकर
विचारलं नाही. विचारायला हवं होतं, खरं.

रात्रपाळी
नाव सांगत नाही, अजून डेस्कवर आहे. काल तिचं पहिलं पत्रक आलं, एका हॉटेलचं. मथळा सहा शब्दांचा, पहिल्या ओळीत सगळं, गावांची नावं बरोबर. बारा वर्षांत पहिल्यांदा पत्रकाला हात लावावा लागला नाही.

डिचोलीचा
म्हणजे वाचलं तरी का नीट?

रात्रपाळी
साडेअकरा वाजले होते, पान सोडायचं होतं. तिचं होतं म्हणून लावलं.