कॉफीतलं हेवी क्रीम आणि माझं १६८

पाथर्डीफाटा

मंडळी, घरात पंधरा दिवस एकाच गोष्टीवरून धुसफूस चाललीय, म्हणून इथं मांडतो. वय ४६, नोकरी अंबडला, दिवसभर खुर्ची. फेब्रुवारीत जिम लावली. ट्रेनरने पहिल्याच दिवशी साखर, पोळी, भात बंद केला आणि सकाळ-संध्याकाळ कॉफीत हेवी क्रीम, म्हणजे दुधातून काढलेलं दाट क्रीम, घालून प्यायला सांगितलं. "फॅट खाल्लं की फॅट जळतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. चार महिन्यांत वजन ८६ वरून ७९ वर आलं. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. सगळे खूश.

मग कंपनीची वार्षिक तपासणी झाली. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९० होतं ते १२० झालं, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३८ चं ४४. आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ वरून थेट १६८. ट्रेनर म्हणतो, दुर्लक्ष करा. बायको म्हणते, ते क्रीमचं खोकं आधी फ्रिजमधून बाहेर काढ. आई म्हणते, "आम्ही जन्मभर घरची साय खाल्ली, आम्हाला काय धाड भरली?"

परवा बायकोनं गंमत केली. कप वजनकाट्यावर ठेवला आणि म्हणाली, आता रोजच्यासारखं ओत. मी ज्याला 'दोन चमचे' म्हणत होतो ते ४२ ग्रॅम भरलं. दिवसाला दोन कप, म्हणजे ८४.

तरीही माझं मत सांगतो. क्रीमला उगाच बळीचा बकरा केलं जातंय. खोडून काढा.

डबा_आणि_वाटी

खोडते. हे माझं रोजचं काम आहे.

खोक्यावर फॅट ३५ टक्के असेल तर ८४ ग्रॅममध्ये २९ ग्रॅम फॅट झालं. त्यातलं १८-१९ ग्रॅम सॅच्युरेटेड, म्हणजे तूप-लोण्यासारखं थंडीत घट्ट होणारं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसभराच्या कॅलरींपैकी जास्तीत जास्त १० टक्के सॅच्युरेटेड फॅटमधून याव्यात. २००० कॅलरी खाणाऱ्याला ते २२ ग्रॅम पडतं. तुमचं हे सगळं बजेट दोन कप कॉफीतच जवळजवळ संपलं. पनीर, अंडी, भाजीवरचं तूप अजून यायचंच आहे. सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे यकृतातले रिसेप्टर कमी पडतात आणि एलडीएल रक्तात फिरत राहतं. ११८ चं १६८ कसं झालं हे शोधायला फार लांब जायला नको.

आणखी एक. 'क्रीम म्हणजे दूधच ना, कॅल्शियम मिळेल' असं म्हणणारे रोज भेटतात. १०० ग्रॅम हेवी क्रीममध्ये साधारण ३४० कॅलरी, प्रोटीन तीन ग्रॅमसुद्धा नाही, कॅल्शियम ६५ मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच साध्या दुधात कॅल्शियम जवळपास दुप्पट, आणि कॅलरी पाचव्या हिश्श्याच्या आत. अ जीवनसत्त्व मात्र क्रीममध्ये भरपूर, ते नाकारत नाही.

गोदाकाठचा

ताई, आकडे बरोबर, निकाल चुकीचा. भाऊचा पूर्ण रिपोर्ट वाचा. ट्रायग्लिसराइडला एचडीएलनं भागा. आधी ५ होतं, आता २.७, आणि हा आकडा कमी तितका बरा. सात किलो वजन उतरलं. पोट उतरलं. आपल्याकडे मूळ रोग कोणता? २०२३ ची आयसीएमआर-इंडियाब पाहणी बघा, देशात मधुमेह ११.४ टक्के लोकांना, पोटाचा घेर वाढलेला ३९.५ टक्क्यांना. हे काय क्रीम पिऊन झालं? सकाळी पोहे, दहाला चहा-खारी, दुपारी चार पोळ्या आणि भाताचा डोंगर, रविवारी मिसळीबरोबर सहा पाव. त्यावर कुणी धागा काढत नाही. क्रीमचं खोकं दिसलं की सगळे डॉक्टर.

आणि प्युअर अभ्यास? २०१८, 'लॅन्सेट'. २१ देश, १,३६,३८४ माणसं, भारत त्यात होता. दिवसाला दोनपेक्षा जास्त वेळा दूधदुभतं खाणाऱ्यांत मृत्यू आणि हृदयविकार कमी दिसले. फुल फॅट खाणाऱ्यांतसुद्धा.

मी स्वतः दोन वर्षं क्रीम घेतोय. ठणठणीत.

डबा_आणि_वाटी

प्युअर वाचलाय, म्हणूनच सांगते. त्यात जे चांगलं दिसलं ते दूध आणि दही खाणाऱ्यांत. लोण्याचा तसा काही फायदा दिसला नाही. क्रीमचा कप त्या अभ्यासात शोधून सापडणार नाही. शिवाय ते निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. ज्या घरात रोज दूध-दही परवडतं तिथं बाकीही बरंच परवडतं.

पाव कमी करा, शंभर वेळा कबूल. पण पाव वाईट म्हणून क्रीम चांगलं हे कुठलं गणित? वजन उतरलं ते पोळी-भात-साखर सुटल्यामुळे. तेच दाणे, कडधान्यं, अंडी, मासे, शेंगदाणा तेल यांवर उतरवता आलं असतं, आणि एलडीएल जागेवर राहिलं असतं.

सिन्नरी_गोठा

मी डॉक्टर नाही, म्हशी राखतो. डेअरीवर दूध घातलं की पहिलं यंत्र फॅट बघतं, भाव त्यावर ठरतो, म्हणून फॅटचं गणित आमच्या तोंडावर असतं. म्हशीचं दूध धरा ६ टक्क्यांचं. पाथर्डीफाटा भाऊ दिवसाला २९ ग्रॅम फॅट पितो, म्हणजे अर्धा लिटर म्हशीच्या दुधातलं झाडून सगळं फॅट त्या दोन कपांत आलं. दूध तसंच प्यायला असतास तर सोबत १७-१८ ग्रॅम प्रोटीन तरी मिळालं असतं. तू सेपरेटरच्या, म्हणजे दुधातून क्रीम वेगळं काढणाऱ्या यंत्राच्या, एकाच नळीखाली कप धरलायस, दुसऱ्या नळीतला माल दुसराच कुणीतरी नेतोय. 😀

म्हशीला दोष देऊ नका एवढंच.

फळा_खडू

निवृत्त शिक्षक आहे, वेळ भरपूर, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चर्चेत एक गोष्ट सुटलीय. दुधातलं फॅट सगळीकडे सारखंच वागत नाही. ते दुधात बारीक थेंबांच्या रूपात तरंगत असतं आणि प्रत्येक थेंबाभोवती फॉस्फोलिपिड व प्रोटीनचा पातळ पापुद्रा असतो. क्रीम काढलं तरी तो बहुतांशी शाबूत राहतो. घुसळलं की फुटतो. फॅट लोण्याच्या गोळ्यात जातं आणि पापुद्र्याचा बराचसा भाग ताकात उतरतो. डेऱ्यावर रवी फिरवलेल्या प्रत्येक बाईनं हे बघितलंय, फक्त नाव माहीत नव्हतं.

२०१५ साली स्वीडनच्या उप्साला इथल्या संशोधकांनी ५७ जाड माणसांना आठ आठवडे रोज ४० ग्रॅम दुधाचं फॅट दिलं. एका गटाला व्हिपिंग क्रीममधून, दुसऱ्याला बटर ऑइलमधून, म्हणजे जवळपास आपल्या तुपासारख्या पदार्थातून. बटर ऑइलवाल्यांचं एलडीएल वाढलं. क्रीमवाल्यांचं जवळजवळ हललं नाही. सॅच्युरेटेड फॅट दोघांनाही सारखंच होतं.

तेव्हा डबा_आणि_वाटी ताईंचं '१९ ग्रॅम म्हणजे १९ ग्रॅम' हे मला पुरेसं वाटत नाही. पाथर्डीफाटांनी हे सांगावं की पोळी सुटल्यावर तूप किती वाढलं? मला क्रीमपेक्षा त्याचा संशय जास्त येतो.

डबा_आणि_वाटी

गुरुजी, मुद्दा चांगला काढलात. हा अभ्यास मलाही आवडतो. पण तुलना क्रीम आणि बटर ऑइलची होती, क्रीम आणि शेंगदाणा तेलाची नव्हती. वाईटाहून बरं, इथवरच तो जातो. ५७ माणसं, आठ आठवडे, आणि मोजलं ते रक्तातलं, हार्ट अटॅक नव्हे.

तुपाचा प्रश्न मात्र मीच आधी विचारायला हवा होता.

पाथर्डीफाटा

विचारलंत म्हणून खरं सांगतो. ट्रेनरच्या सांगण्यावरून सकाळी उपाशीपोटी एक चमचा तूप, आणि भाजीवर दोन चमचे. तो चमचा अजून काट्यावर ठेवलेला नाही.

निफाडची_थंडी

म्हणजे संशयित एक नाही, टोळी आहे. क्रीम, तूप, पनीर आणि ट्रेनर.

मैदा_आणि_मी

सिडकोत घरून केक करते. सगळे फ्रिजमधल्या खोक्यावर भांडताय, पण तुमच्यापैकी निम्म्यांनी या महिन्यात वाढदिवसाला 'फ्रेश क्रीम केक' खाल्ला असेल आणि त्यात क्रीमचा थेंब नसेल. त्या पांढऱ्या फुलांचं साहित्य वाचा. पाणी, साखर, हायड्रोजनेटेड पाम कर्नल तेल, स्टॅबिलायझर. ते फ्रीझरमधून काढायचं, थोडं वितळू द्यायचं आणि फेटायचं, चौपट फुगतं. एप्रिलमध्ये दुपारी दोनला गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये दोन तास उभं राहतं. खऱ्या दुधाच्या क्रीमचा केक तिथं अर्ध्या तासात खाली बसतो. मी दोनदा बसवलाय, एकदा गिऱ्हाइकाच्या सासूबाईंसमोर.

पाम कर्नलमध्ये सॅच्युरेटेड फॅट ८० टक्क्यांच्या घरात असतं, दुधाच्या फॅटपेक्षा जास्त. आणि पापुद्रा वगैरे काही नाही हो गुरुजी. ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे त्या बाबतीत पूर्वीपेक्षा बरं. पण साखर तशीच.

अवांतर: नाशकात 'हेवी क्रीम' मागितलं की दुकानदार बहुतेक वेळा २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम हातात ठेवतो. अमेरिकेत हेवी क्रीम म्हणायला किमान ३६ टक्के फॅट लागतं. परदेशी व्हिडिओ बघून ग्रॅम मोजणाऱ्यांनी आधी आपलं खोकं वाचावं.

पाथर्डीफाटा

वाचलं. माझं ३५ चं आहे. ऑनलाइन मागवतो.

माजघर

मला क्रीम-बिम कळत नाही, पण पित्ताशयात खडे असतील त्यांनी हे धाडस करू नये. मागच्या लग्नसराईत माझ्या जावेनं शाही पनीर दोनदा घेतलं. रात्री एकला उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की रिक्षा काढावी लागली. खडे आधीचेच होते, क्रीमनं केले नाहीत, पण चरचरीत फॅट पोटात गेलं की पित्ताशय आवळतं आणि खडा अडकतो, असं डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं.

आणि दीड-दोन वर्षांच्या नातवंडाची साय तोडू नका. सूनबाई हे सगळं वाचून त्याच्या वाटीतली पण काढून ठेवायला लागली होती.

डबा_आणि_वाटी

काकू, दोन्ही बरोबर. दोन वर्षांखालच्या मुलाचं फॅट कमी करायचं नसतं. वर जे बोललो ते पाथर्डीफाटांसाठी, बाळासाठी नाही.

गोदाकाठचा

सगळे मिळून एका माणसाचा कप काढून घेताय. बरं, एलडीएल १६८. पण रक्तात फिरणारे एलडीएलचे कण मोठे की लहान हे कुणी बघितलं? मोठे, हलके कण असतील तर घाबरायचं कारण नाही.

डबा_आणि_वाटी

मोठे कणसुद्धा धमनीच्या भिंतीत शिरतात. अंदाज बांधण्यापेक्षा एपोबी ही रक्ततपासणी करून घ्या. त्यात कणांची मोजदाद होते, वाद मिटेल. आणि भाऊ, तुम्हीही करा. दोन वर्षं ठणठणीत म्हणताय, रिपोर्ट कधी काढलात ते लिहिलं नाहीत.

गोदाकाठचा

काढतो. भीती कुणाला आहे?

निफाडची_थंडी

रिपोर्ट कधी काढलात, याचं उत्तर अजून यायचंय राव.

पाथर्डीफाटा

सगळ्यांचं वाचलं. काल तूपही काट्यावर ठेवलं. तीन चमचे म्हणजे ३८ ग्रॅम. गुरुजींनी बरोबर जागी बोट ठेवलं. क्रीम निर्दोष आहे असं आता छातीठोक म्हणवत नाही, पण एकटं तेच दोषी आहे हेही पटत नाही.

ठरवलंय ते असं. उपाशीपोटीचं तूप बंद, भाजीवर एकच चमचा, तोही मोजून. क्रीम सकाळच्या कपात फक्त, १५ ग्रॅम, २५ टक्क्यांचं. संध्याकाळी काळी कॉफी, दुपारी दाणे आणि उसळ. पोळी अजून नाही, त्यावर ट्रेनरशी माझं एकमत आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलायला पुढच्या आठवड्यात जातोय, एपोबीची चिठ्ठीही तिथंच मागतो. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देणार.

आणि आईला विचारलं, तू नक्की किती साय खायचीस? तर म्हणाली, "मी? मला कुठली मिळायची. आठवडाभर साठवायची, विरजण लावायचं, घुसळायची. ताक घरातल्या सगळ्यांना, तूप तुझ्या वडिलांच्या वरणभातावर. मला बेरी. तीही साखर घालून तूच पळवायचास."

सिन्नरी_गोठा

बेरी! काय आठवण काढली.

गोदाकाठचा

१५ ग्रॅम म्हणजे कॉफीचा रंगसुद्धा बदलत नाही भाऊ. पण ठीक. तीन महिन्यांनी आकडे इथंच टाक, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी. माझेही टाकतो.