पेंटॅक्स के१००० कॅमेरा : महिना व्हायच्या आत बॅटरीचा सेल संपतोय, गळती कुठे असेल?

मिरजेचा रीळवाला

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडचा एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. छत्र्या, स्टुलं, धबधब्याचं चित्र असलेला मागचा पडदा, सगळं विकायला काढलं होतं. मी पडदा बघायला गेलो आणि पेंटॅक्स के१००० हा रिळाचा कॅमेरा घेऊन आलो. सोबत ५० एमएम एफ/२ लेन्स. शटर खणखणीत वाजतं, दोन रीळं काढून झाली, फोटो झकास आलेत.

भानगड सेलची आहे. नवा एलआर४४, म्हणजे घड्याळात असतो तसा बटणाएवढा सेल, घातला की उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई शहाण्यासारखी वागते. तीन-साडेतीन आठवड्यांनी बघावं तर मान टाकून खाली पडलेली. असे चार सेल झाले. घड्याळवाले मामा परवा विचारत होते, घरात घड्याळं आहेत तरी किती?

या कॅमेऱ्याला चालू-बंद करायचं बटण नसतं, लेन्सवर झाकण घातलं की मीटर झोपतं, एवढं मला ठाऊक आहे. झाकण मी न चुकता घालतो. एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं तर म्हणाला, सर्किट शॉर्ट आहे, मीटर काढूनच टाकू. मन होत नाही. कुणाला असा अनुभव?

सदा_घाईत

सेल डुप्लिकेट असणार. पट्टीवर दहा मिळतात ते घेऊ नका, एसआर४४ घ्या. विषय संपला.

अंधारखोली

विषय एवढ्यात नाही संपत हो. एसआर४४ घ्यावा हे बरोबर, पण कारण वेगळं. तो सिल्व्हर ऑक्साइडचा असतो, १.५५ व्होल्ट जवळजवळ शेवटपर्यंत धरून ठेवतो आणि मग एकदम बसतो. एलआर४४ अल्कलाइन. त्याचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो, त्यामुळे मरायच्या आधी तो मीटरला खोटं बोलायला लावतो. पण चांगला एलआर४४सुद्धा साडेतीन आठवड्यांत संपायचं कारण नाही. चार सेल ओळीने तसेच गेले म्हणजे कुणीतरी पितंय.

मी बत्तीस वर्षं लग्नं काढली, त्यातली निम्मी के१०००वर. १९७६ साली निघालेला कॅमेरा, १९९७पर्यंत बनत होता, आणि तेवढ्या काळात कंपनीला त्यावर एक बटण बसवावंसं वाटलं नाही. आत कॅडमियम सल्फाइडचे प्रकाश ओळखणारे तुकडे आहेत. उजेड पडला की त्यांचा रोध घटतो, वीज वाहते, सुई हलते. अंधार झाला की वाहणं जवळजवळ थांबतं. अंधार हेच त्याचं बटण.

म्हणून दुरुस्तीवाल्याकडे परत जाण्याआधी तीन गोष्टी सांगा. झाकण पेंटॅक्सचंच आहे का? कॅमेरा ठेवता कुठे? आणि सेलच्या खोबणीत पांढरी-हिरवी भुकटी दिसते का?

मिरजेचा रीळवाला

काका, भुकटी होती थोडी, कापसाने पुसली. कॅमेरा टीव्हीशेजारच्या काचेच्या शोकेसमध्ये, खिडकीच्या अगदी समोर. झाकण मूळचं नव्हतंच. मुखवासाच्या एका डबीचं झाकण लेन्सवर बरोबर घट्ट बसतं, तेच लावतो.

अंधारखोली

डबीचं झाकण कुठल्या रंगाचं?

मिरजेचा रीळवाला

पांढरं. म्हणजे, दुधी.

आता कळलं तुम्ही का विचारताय ते.

ओहमचा नियम

थांबा, नुसत्या कळण्यावर जाऊ नका, मोजून बघा. वीज मोजायचा साधा मल्टिमीटर असेल ना? मायक्रोअँपच्या रेंजवर लावा. तळाचं गोल झाकण नाण्याने फिरवून काढा, सेल आत तसाच राहू दे. एक पिन सेलच्या उघड्या तोंडावर, दुसरी खोबणीच्या पितळी आट्यांवर. सेलचा प्रवाह आता तुमच्या मल्टिमीटरमधून जाईल. लेन्स उघडी, मग डबीचं झाकण, मग सगळा कॅमेरा काळ्या कापडात, असे तीन आकडे घ्या. अंधारातसुद्धा आकडा चांगला मोठा राहिला तर दुरुस्तीवाला खरा. पडला तर नाही.

हिशोब सोपा आहे. एलआर४४मध्ये १०० ते १५० मिलिअँप-तास असतात. साडेतीन आठवडे म्हणजे सुमारे ५९० तास. म्हणजे सरासरी पाव मिलिअँपच्या आसपास जातंय. रात्री अंधार असतो हे धरलं तर दिवसा त्याच्या दुप्पट.

भुकटी नुसती पुसून भागत नाही. अल्कलाइन सेल गळला की ते क्षार असतात. कानकोरण्याच्या कापसावर व्हिनेगरचा किंवा लिंबाचा एकच थेंब घ्या, घासा, मग ओल्या कापसाने, शेवटी स्पिरिटने. थेंब आत ओघळू देऊ नका.

सदा_घाईत

जुन्या कॅमेऱ्यांना पाऱ्याचे सेल लागायचे ना? व्होल्टेजचाच घोळ असेल.

अंधारखोली

ते १.३५ व्होल्टवाले, आधीच्या पिढीतल्या कॅमेऱ्यांचे. के१००० पहिल्यापासून दीड व्होल्टच्या सेलवर चालतो. आणि कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल त्याच मापाचा दिसतो म्हणून कुणी सुचवेल, तोही नको. पट्टी काढली की हवा लागते आणि काही आठवड्यांत वापरा-न वापरा सुकून जातो.

मिरजेचा रीळवाला

आज मोजलं. मेहुण्याचा मल्टिमीटर, तो स्वतःच उभा होता डोक्यावर. खिडकीसमोर लेन्स उघडी ठेवली की आकडा टणकन वर. डबीचं झाकण लावल्यावर उतरला, पण अर्ध्याच्याही खाली गेला नाही. आईच्या काळ्या शालीत गुंडाळला तर शून्याच्या आसपास जाऊन बसला. मेहुणा म्हणतो सर्किट ठणठणीत आहे. म्हणजे पाच महिने मी कॅमेऱ्याच्या तोंडावर ट्यूबलाइटचं कव्हर लावून ठेवलं होतं.

पण एक प्रश्न राहिला. झाकणावर काळी चिकटपट्टी चिकटवून परत मोजलं, तरी खिडकीसमोर आकडा शालीइतका खाली येत नाही. थोडा उरतोच.

अंधारखोली

कॅमेऱ्याची पाठ खिडकीकडे होती का? प्रकाश मोजणारे तुकडे डोळा लावायच्या भिंगाच्या दोन्ही अंगांना असतात. मागून शिरलेला उजेडही त्यांना दिसतो. म्हणून तर चष्मेवाल्यांना भर उन्हात मीटर फसवतं. भिंगाला डोळा भिडवून धरावा लागतो, नाहीतर सुई उगाच वर चढते.

४९ एमएमचं काळं झाकण घ्या, कुठल्याही फोटोच्या दुकानात मिळेल. आणि कॅमेरा शोकेसमधून काढून कपाटात ठेवा. मी लग्नाच्या सीझननंतर सेलच काढून ठेवायचो. सेल नसला तरी शटर चालतंच, सगळं स्प्रिंगवर आहे. ४०० आयएसओचं रीळ, लख्ख ऊन, लेन्स एफ/१६ला, शटर १/५०० सेकंदाला, सुई हवी कशाला?

मिरजेचा रीळवाला

कपाटात ठेवला, पाठ भिंतीकडे. शोकेसमध्ये बायकोने मुखवासाची डबी ठेवली आहे, झाकणासकट.